आठ वर्षांचा हुशार मुलगा, घरचा अभ्यास आणि चुकलं की येणारं रडू

प्रश्न थोडक्यात असा: कराडजवळच्या एका गावातल्या आईने विचारलं आहे. मुलगा आठ वर्षांचा, जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीत. शाळेत जायच्या आधीच वर्तमानपत्रातले मथळे वाचायला लागला. आता पाचवीची गणितं तोंडी करतो आणि कृष्णविवरांबद्दल विचारतो. शाळेची पुस्तकं जून संपायच्या आत वाचून होतात. आईने घरी पाचवीचं गणित शिकवायला घेतलं. आधी मजेत करायचा. आता एक उत्तर चुकलं की पान फाडतो, रडतो, "मी ढ आहे" म्हणतो. नातेवाईक म्हणतात क्लास लावा, अबॅकस लावा, नवोदयची तयारी आत्तापासून करा, नाहीतर सरळ पुण्याला या. आईला कळत नाही की घरी नक्की काय करावं. काहीच केलं नाही तर त्याची बुद्धी वाया जाईल का? केलं तर आपण लादतोय का? बुद्ध्यांक काढावा का, एक इयत्ता पुढे बसवावं का?

ताई, फाडलेल्या पानापासून सुरुवात करते, कारण बाकी सगळ्याचं उत्तर त्यातच आहे.

शाळांमध्ये आणि समुपदेशनात अशा मुलांबरोबर मी बरीच वर्षं काम करते आहे. आठ-नऊ वर्षांच्या हुशार मुलाचं एका चुकीवरून कोसळणं ही पालकांकडून सर्वाधिक ऐकू येणारी तक्रार आहे. त्यामागचं कारण बहुतेक वेळा एकच असतं. वर्गातल्या बाकीच्या मुलांनी पहिली-दुसरीत एक गोष्ट रोज केली: चुकायचं, खोडायचं, बाईंना विचारायचं, पुन्हा करायचं. तुमच्या मुलावर ती वेळ आलीच नाही. त्याला सगळं पहिल्याच फटक्यात आलं. त्यामुळे एखादी गोष्ट लगेच येत नाही, तेव्हा पुढे काय करायचं असतं हे त्याला आठव्या वर्षीही ठाऊक नाही. त्यात घरीदारी सगळे त्याला हुशार म्हणतात. त्याच्या हिशेबी हुशार म्हणजे ज्याला लगेच येतं तो. मग येत नाही त्या क्षणी आपण कोण, हाच प्रश्न त्याच्यापुढे उभा राहतो. "मी ढ आहे" हे तो मनापासून म्हणत असतो.

म्हणून माझं म्हणणं इतकंच आहे की घराने या मुलाला अडकायची जागा द्यावी. रोज थोडा वेळ त्याला असं काहीतरी मिळावं जे लगेच सुटत नाही, ज्याला मार्क नाहीत, ज्याकडे कोणी डोळे लावून बसलेलं नाही. शाळा त्याला हे आत्ता देऊ शकत नाही. तुम्ही देऊ शकता, आणि त्यासाठी पाचवीचं पुस्तक लागत नाही.

उलट पाचवीचं पुस्तक बाजूला ठेवा. तिसरीतल्या मुलाला पाचवीचं गणित शिकवलं की तो पुढे जातो, पण बऱ्याचदा मोठ्या आकड्यांवर तीच कृती करतो. अडकतो तो रीत माहीत नसल्यामुळे, आणि रीत तुम्ही सांगून टाकता. शिवाय पुढची दोन वर्षं शाळेत तो आणखी रिकामा बसतो. त्याची भूक पुढच्या इयत्तेची असेलच असं नाही. एकाच गोष्टीच्या तळाशी जायची भूक या मुलांना फार असते, आणि ती भागवायला पुढचा धडा उपयोगी पडत नाही.

जयंत नारळीकरांनी आपल्या बालपणाबद्दल जे लिहून ठेवलंय त्यातला एक भाग मी पालकांना नेहमी सांगते. वडील बनारसला विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक होते. घरात मुलांसाठी भिंतीवर फळे लावले होते. मोरूमामा, म्हणजे आईचे भाऊ हुजूरबाजार, एमएस्सी करायला त्यांच्याकडे राहायला आले. ते अधूनमधून फळ्यावर एखादं कोडं लिहून ठेवत आणि वर लिहीत की हे जयंतसाठी आव्हान आहे. कोडं सुटेपर्यंत किंवा जयंत हार कबूल करेपर्यंत ते तिथेच राहायचं.

यात काय काय आहे बघा. वेळेचं बंधन नाही. "झालं का, झालं का" अशी विचारणा नाही. येताजाता नजर पडते, जेवताना डोक्यात घोळतं. हार मानायची मुभा आहे आणि ती मानण्यात कमीपणा नाही. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे मामाला स्वतःला कोडी आवडत होती. मुलाला घडवायचं म्हणून ते ती घालत नव्हते. तुम्ही म्हणाल, ते प्राध्यापकाचं घर. पण फळ्याला प्राध्यापक लागत नाही. एक फळा, खडू आणि उत्तर सांगून टाकायची घाई नसलेलं एक मोठं माणूस लागतं.

पहिलं कोडं माझ्याकडून घ्या. दत्तात्रय कापरेकर हे 1905 साली डहाणूत जन्मलेले गृहस्थ. देवळालीच्या शाळेत आयुष्यभर शिक्षकी केली आणि आकड्यांशी खेळले. त्यांनी शोधलेली ही गोष्ट. चार अंकी कोणतीही संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. समजा 3524. तिचे अंक मोठ्याकडून लहानाकडे मांडा: 5432. मग लहानाकडून मोठ्याकडे: 2345. वजा करा: 3087. आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच: 8730 वजा 0378, उत्तर 8352. पुन्हा: 8532 वजा 2358, उत्तर 6174. पुढे कितीही वेळा केलंत तरी 6174 च येत राहतं.

हे फळ्यावर एकदा करून दाखवा आणि खाली एवढंच लिहा: "प्रत्येक संख्या इथेच येते का?" मग स्वयंपाकाला लागा. तिसरीतल्या मुलाला हातच्याच्या वजाबाक्या द्या म्हटलं तर दहाव्या वजाबाकीला तो कंटाळतो. इथे तो आपणहून तीस वजाबाक्या करेल, कारण त्याला बघायचंय. आणि तो अडेल. 2111 घेतलं तर पहिलीच वजाबाकी 999 येते. ते तीन अंकी धरलं तर पुढे शून्य येतं आणि सगळंच मोडतं, 0999 धरलं तर गाडी पुन्हा 6174 वर येते. इथे मुलं चिडून आईकडे धाव घेतात. तेव्हा तुम्ही विचारायचं, "मग तू काय नियम ठरवतोस?" नियम त्याने ठरवायचा, करून बघायचा, बदलायचा. याला गणित करणं म्हणतात.

त्याचं समाधान झालं की पुढचे प्रश्न फळ्यावर येऊ द्या. जास्तीत जास्त किती पायऱ्या लागतात? तीन अंकी संख्या घेतल्या तर? दोन अंकी घेतल्या तर? तुमच्यासाठी सांगून ठेवते: सातपेक्षा जास्त पायऱ्या लागत नाहीत, तीन अंकांत सगळं 495 वर येतं, आणि दोन अंकांत एका जागी न थांबता 9, 81, 63, 27, 45 असा फेरा फिरत राहतो. त्याला सांगू नका. महिना लागला तरी लागू दे. नाद सुटला आणि तो डायनोसॉरकडे वळला, तरी चालेल.

आता रडण्याच्या क्षणाबद्दल. त्या वेळी दोन वाक्यं आपोआप तोंडात येतात, ती दोन्ही टाळा. एक, "अरे, सोप्पं तर आहे." सोपं आहे आणि मला येत नाही, म्हणजे मी खरंच ढ, असा त्याचा निष्कर्ष निघतो. दुसरं, "तू तर किती हुशार आहेस." ते आणखी वाईट, कारण हुशार असूनही येत नाही याचाच तर त्याला धक्का बसलाय. त्याऐवजी जवळ बसा, रडू ओसरू द्या, आणि म्हणा, "इथपर्यंत कसा आलास ते मला दाखव." बोट ठेवून तो मागे जाईल आणि पुष्कळदा चूक त्यालाच सापडेल. नाही सापडली तर वही मिटून खेळायला जाऊ द्या. उद्या बघू, असं म्हणता येणं ही सुद्धा शिकायची गोष्ट आहे.

घरी एक कच्ची वही वेगळी ठेवा. त्यात पेनाने लिहायचं, खोडरबर नाही, म्हणजे फसलेले प्रयत्न नजरेसमोर राहतात. ती वही तुम्ही तपासायची नाही. त्याने दाखवली तर बघा. तुम्ही स्वतः त्याच्यासमोर अडका. वर्तमानपत्रातलं शब्दकोडं सोडवत असाल तर मोठ्याने म्हणा, "हा आडवा सात काही केल्या येत नाही, राहू दे, खालचे करून बघते." मोठी माणसं न येणाऱ्या गोष्टीशी कसं वागतात हे या मुलांनी क्वचितच पाहिलेलं असतं. त्यांच्यासमोर आपण नेहमी उत्तर माहीत असलेल्या भूमिकेत असतो.

कौतुकाबद्दल अमेरिकेत 1998 साली क्लॉडिया म्यूलर आणि कॅरल ड्वेक यांनी केलेला एक प्रयोग प्रसिद्ध आहे. पाचवीच्या वयाच्या मुलांना कोडी दिली. काहींना सांगितलं, "तू हुशार आहेस." काहींना सांगितलं, "तू मेहनत घेतलीस." नंतर मुद्दाम अवघड कोडी दिली. हुशार म्हटलेली मुलं लवकर खचली, त्यांना मजा कमी आली, आणि दुसऱ्यांना आपले गुण सांगताना त्यांच्यातली जास्त मुलं खोटं बोलली. ही कल्पना पुढे शाळाशाळांत वर्ग घेऊन शिकवली गेली, त्याचे परिणाम मात्र बेताचेच दिसले. तेव्हा "मेहनत, मेहनत" असा जप करू नका. मुलांना खोटं कौतुक लगेच कळतं. जे दिसलं ते बोला: "तू तीन वेगळ्या रीतींनी करून बघितलंस." कधी काहीच न बोलता बघत बसलात तरी पुरतं.

लादतोय का, हे ओळखायचं कसं? पालकांना मी एक साधी गोष्ट करायला सांगते. दोन आठवडे त्या विषयाची आठवण करून देणं पूर्ण थांबवायचं. साहित्य हाताशी ठेवायचं, पण "आज कोडं केलंस का" असं विचारायचं नाही. मूल आपणहून तिकडे गेलं तर ते त्याचं आहे. गेलं नाही तर ते तुमचं होतं. पाचवीच्या गणिताला हे लावून बघा. तो फिरकला नाही तर वाईट वाटून घेऊ नका, त्याला तो विषय नावडतो असंही समजू नका. तुमच्या नजरेखाली बसून करायला त्याला नको आहे, एवढाच त्याचा अर्थ.

शरीरही सांगतं. रविवारी संध्याकाळी पोट दुखणं, नखं खाणं, झोपायला टाळाटाळ, करून बघायच्या आधीच "मला येत नाही" म्हणणं, कुठल्याही गोष्टीला "हे किती मार्कांचं" विचारणं. एक खूण पालकांच्या नजरेतून निसटते: मुलाचे स्वतःचे उद्योग बंद होतात. आधी तो खोक्यांची घरं करायचा, नकाशे काढायचा, काहीबाही याद्या करायचा, आणि आता मोकळा वेळ मिळाला की नुसता मोबाइल मागतो. असं दिसलं की काहीतरी काढून टाका. त्याच्या वयाला दिवसाला 9 ते 12 तास झोप लागते. कुठलाही क्लास त्या झोपेपेक्षा मोलाचा नाही.

दिवसाचा आराखडा फार बांधू नका. शाळेचा गृहपाठ हुशार मुलालाही करावा लागतो, तो अर्ध्या तासात उरकू द्या. बाहेर खेळणं हवंच, शक्यतो आपल्या वयाच्या मुलांत, जिथे त्याला कोणी हुशार म्हणून ओळखत नाही आणि लगोरीत तो सरळ आउट होतो. आणि रोज काही वेळ पूर्ण रिकामा. "कंटाळा आला" म्हणाला तर लगेच धावू नका.

साहित्याला फार पैसे लागत नाहीत. बालभारतीच्या संकेतस्थळावर सगळ्या इयत्तांची पुस्तकं मोफत मिळतात. सातवी-आठवीचं विज्ञान आणि भूगोल त्याला गोष्टीच्या पुस्तकासारखं चाळू द्या, धडे घेऊ नका. 'किशोर' मासिक 1971 पासून निघतंय आणि त्याचे जुने अंक तिथेच वाचायला मिळतात. अरविंद गुप्तांच्या संकेतस्थळावर काडेपेट्या, स्ट्रॉ, सायकलच्या ट्यूबचे तुकडे यांतून करायची खेळणी आहेत आणि भरपूर मराठी पुस्तकंही. कराडच्या वाचनालयात त्याच्या नावाचं खातं काढा आणि पुस्तकं त्याला निवडू द्या. पाच पुस्तकं अर्धवट टाकली तरी बोलू नका.

गावात शिकवणारी माणसंही असतात. कुठे बांधकाम चालू असेल तर गवंड्याला विचारून त्याला घेऊन जा. पाया आखताना ते एका बाजूला तीन, दुसरीला चार मोजतात आणि तिरकं पाच भरलं की कोपरा काटकोनात आला म्हणतात. ओळंबा का सोडतात, गुण्या कसा धरतात, हे त्याने त्यांच्या तोंडून ऐकावं. पायथागोरसचं नाव पुढे पुस्तकात येईल तेव्हा येईल. अशा मुलांना पुस्तकाबाहेरची हुशारी वेळेवर दिसावी असं मला मनापासून वाटतं. ती दिसली नाही तर माणसं मार्कांवरून मोजायची सवय फार लवकर लागते.

कृष्णविवरांचं वेड आहे, तर आकाश द्या. दुर्बीण नको, इतक्यात तर नकोच. पौर्णिमेपासून रोज चंद्र किती वाजता डोंगरावर दिसतो ते त्याने वहीत लिहावं. चार-पाच दिवसांत त्याच्या लक्षात येईल की तो रोज उशिरा येतोय, सरासरी पन्नास मिनिटांच्या आसपास, पण नेमका तेवढाच नाही. का? आणि मग अमावास्येला तो असतो कुठे? यूट्यूबवर याचं उत्तर दोन मिनिटांत मिळतं. व्हिडिओ वाईट नसतात, पण ते प्रश्न पुरता पडायच्या आधीच उत्तर देतात. आधी आठवडाभर नोंदी, मग व्हिडिओ, असा क्रम ठेवा.

या वाचनातून एक गोष्ट कधीतरी समोर येईल, तिची तयारी ठेवा. सूर्य सुमारे पाचशे कोटी वर्षांनी संपणार, हे वाचलेलं मूल रात्री झोपत नाही. त्याची समज बारा वर्षांच्या मुलाची असते, भीती मात्र आठ वर्षांच्या मुलाची. "वेडा आहेस का, त्याला अजून खूप वेळ आहे" असं म्हणून ते उडवून लावू नका आणि ताऱ्यांच्या आयुष्यावर व्याख्यानही देऊ नका. खरं ते थोडक्यात सांगा आणि कुशीत घेऊन झोपवा. आजी-आजोबा मरणार का, हाच प्रश्न पुष्कळदा त्याच्यामागे असतो.

आजीचं लिहिलंय तुम्ही: पाहुणे आले की "एकोणीसचा पाढा म्हणून दाखव." त्यांना थांबवणं तुम्हाला अवघड जातं हे मी समजू शकते, आणि त्यांना नातवाचा अभिमान आहे यात वाईट काही नाही. त्यांना दुसरं काम द्या. जुन्या शाळेत शिकलेल्या असतील तर पावकी, निमकी, पाऊणकी, सव्वाकी, म्हणजे पाव, अर्धा, पाऊण, सव्वा यांचे पाढे, त्यांना येत असतील. ते त्यांनी नातवाला शिकवावेत. पाऊण पाचे पावणेचार हे कसं जमतं ते त्याला शोधू दे. दोघांचा एक खेळ तयार झाला की प्रदर्शनाची गरज हळूहळू कमी होते. तोवर पाहुण्यांसमोर त्याने "आत्ता नको" म्हटलं तर तुम्ही त्याच्या बाजूने उभ्या राहा.

त्याच्या धाकट्या बहिणीबद्दल एवढंच म्हणेन: "हा हुशार आणि ही गोड" अशी वाटणी घरात होऊ देऊ नका. पाच वर्षांच्या मुलीला ती कळते, आणि तीही तसंच वागायला लागते.

शाळेत बाईंना भेटाल तेव्हा "त्याला तुमचं सगळं येतं" या वाक्याने सुरुवात करू नका. पटसंख्या, दोन इयत्ता एका खोलीत, वर सरकारी कामं, अशात त्या शिकवतात. दोन नेमक्या गोष्टी मागा. पहिली, स्वाध्यायातली शेवटची चार-पाच अवघड गणितं त्याने आधी करावीत, ती बरोबर आली तर आधीची सगळी माफ. दुसरी, काम झाल्यावर त्याने दप्तरातलं आपलं पुस्तक वाचावं. दोन्हींत बाईंचं काम वाढत नाही. दुसऱ्यांना शिकवायचं काम त्याला कधीमधी मिळालं तर छान, पण रोज तो छोटा शिक्षक होऊ नये. त्यालाही शिकायला शाळेत पाठवलंय. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात विशेष प्रतिभा असलेल्या मुलांना नेहमीच्या अभ्यासक्रमापलीकडे जायला प्रोत्साहन द्यावं असं म्हटलंय. केंद्रप्रमुखांशी बोलताना त्याचा आधार घेता येईल.

क्लास आणि परीक्षा. अबॅकसने आकडेमोडीचा वेग वाढतो, समज नाही. त्याला आवडला तर ठेवा, नाहीतर पैसे वाचवा. नवोदयची परीक्षा पाचवीत येते, शिष्यवृत्तीची आधी पाचवीत होती ती आता चौथीत आली आहे, होमी भाभा बालवैज्ञानिक सहावीत. तिसरीतल्या मुलाने त्यांची तयारी करावी असं मला अजिबात वाटत नाही. त्या त्या वर्षी त्याला स्वतःला बसायचं असेल तर शेवटचे तीन महिने जुन्या प्रश्नपत्रिका सोडवून बसू दे, एवढं पुरतं. खासगी कंपन्या शाळाशाळांतून 'ऑलिम्पियाड' नावाने ज्या परीक्षा घेतात, त्यांचा आंतरराष्ट्रीय गणित ऑलिम्पियाडशी संबंध नाही. त्या वाटेवरच्या निवड परीक्षा आठवीपासून पुढच्या मुलांसाठी असतात, आणि ऑलिम्पियाडचं काम मुंबईचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र बघतं. तिथे चमकणारी मुलं एका प्रश्नावर तासन्‌तास बसू शकतात. ती सवय तुमच्या फळ्यावर लागेल, झटपट पर्याय निवडायच्या सरावाने ती लागत नाही.

बुद्ध्यांक आत्ता काढू नका. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी वापरली जाणारी बिने-कामत चाचणीची आवृत्ती 1967 ची आहे आणि जुन्या मानकांमुळे आकडा फुगून येतो. तो आकडा नातेवाइकांत फिरतो आणि मुलाच्या मानेवर बसतो. आकड्याची मर्यादाही मोठी आहे. अमेरिकेत लुइस टर्मन यांनी 1921 पासून बुद्ध्यांकावरून सुमारे दीड हजार मुलं निवडली आणि त्यांचा आयुष्यभर मागोवा घेतला. चाचणीत न बसल्यामुळे वगळलेल्या मुलांत विल्यम शॉक्ली आणि लुइस अल्वारेझ होते, दोघांनाही पुढे भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. निवडलेल्यांपैकी कोणालाच ते मिळालं नाही.

तपासणी करायची ती वेगळ्या कारणासाठी. तोंडी भराभर सांगणारा मुलगा लिहायला बसला की चार ओळींत थकत असेल, अक्षरं उलटसुलट येत असतील, वाचताना ओळी गळत असतील, तर बुद्धी आणि अध्ययन अक्षमता दोन्ही एकाच मुलात असू शकतात. अशा मुलांची हुशारी अडचण झाकते आणि अडचण हुशारी झाकते, आणि शिक्षक आळशी म्हणून मोकळे होतात. थोडा फरक या वयात सगळ्यांत असतो, हात डोक्यापेक्षा मागेच चालतो. त्याला सांगू द्या, तुम्ही लिहून घ्या. पण फरक मोठा असेल आणि चौथीपर्यंत कमी होत नसेल, तर मोठ्या सरकारी रुग्णालयातल्या अध्ययन अक्षमता विभागात दाखवा. तसंच रडणं रोजचं झालं, खाणं-झोप बिघडली, किंवा तो स्वतःला मारून घेऊ लागला, तर चौथीची वाट न पाहता बालमानसतज्ज्ञांना भेटा.

एक इयत्ता पुढे बसवण्याबद्दल मी विरोधात नाही. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात ज्युलियन स्टॅन्ले यांनी 1971 मध्ये सुरू केलेल्या दीर्घ अभ्यासात, तयारी असलेल्या आणि स्वतःला पुढे जायचं असलेल्या मुलांचं पुढच्या वर्गात जाऊन नुकसान झालेलं दिसत नाही. आपल्याकडे वयानुसार वर्ग ही रीत पक्की आहे, शाळा सहसा तयार होत नाहीत. शिवाय चुकीवरून रडणाऱ्या मुलाला आत्ता वरच्या वर्गात बसवलं तर तो त्यातल्या मोठ्या मुलांसमोर चुकेल. वर्षभर फळा चालू दे, मग विचार करा. तोवर गणिताच्या तासापुरतं चौथी-पाचवीच्या मुलांत बसू देतील का, एवढं विचारून बघा. दोन इयत्ता एका खोलीत असतील तर तो तसाही ऐकत असणार.

आणि पुणं. ज्ञान प्रबोधिनीची प्रशाला 1969 पासून बुद्धिमान मुलांसाठी चालते आणि तिथे प्रवेश पाचवीत असतो. चांगली शाळा आहे. पण आठ वर्षांच्या मुलासाठी नोकरी, घर आणि आजी सोडून आत्ता पुण्याला जाऊ नका. सगळं कुटुंब आपल्यासाठी उठून आलंय, हे त्या मुलाला पहिल्या दिवसापासून ठाऊक असतं, आणि पहिल्या कमी मार्कांना ते आठवतं. दोन वर्षांनी त्याला स्वतःला जावंसं वाटलं आणि तुमच्या नोकरीचंही तिकडे जमत असेल, तर तेव्हा प्रवेश परीक्षेला बसू दे. नाही मिळाला प्रवेश तर कराडात राहून शिकता येतं, हे त्याला परीक्षेच्या आधीच सांगून ठेवा.